सुरतेच्या सावकाराचं मराठी

"तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांच्या खोलीबाहेर, वाचनालयात, कुठेही. माझं आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा आधी जरा गोंधळतो आणि मग कौतुकाने उजळतो. अरे बाबांनो, मी गिरगावात जन्मले. मराठी शाळेत शिकले. मराठी पुस्तकं वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढवला. मी मराठी नाही बोलायचं तर काय जपानी बोलायचं? पण असं तोंडावर म्हणता येत नाही. मी आपली हसून मान डोलावते आणि घरी येऊन भांडी आपटते.

हे कौतुक पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं ते शाळेत. मराठीच्या बाईंनी माझा निबंध वर्गाला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, ही गुजराती असून किती छान मराठी लिहिते. नाहीतर तुम्ही!" मला त्या दिवशी आनंद झाला होता. 'असून' या शब्दात काय काय दडलंय ते कळायला इतिहासाचं पुस्तक यावं लागलं.

घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली. वडील, वडिलांची आई म्हणजे माझी बा, आणि मी. ठाकुरद्वारच्या बाजूला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे जिन्याखालची सांदी. एक स्टूल, एक काचेची पेटी आणि भिंतीवर आपापल्या मर्जीची वेळ दाखवणारी घड्याळं. तरी अख्खी गल्ली वडिलांना 'शेठ' म्हणायची. वडील काडीसारखे बारीक, सदऱ्याच्या कोपराला ठिगळ, डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले, पण शेठ! गुजराती म्हटला की शेठच, त्याला इलाज नाही.

मला मराठी शाळेत घातलं त्यामागे भाषेचं प्रेमबिम काही नव्हतं. गुजराती शाळा भुलेश्वरच्या बाजूला, आणि मध्ये ट्रामचा रस्ता. मराठी शाळा चाळीच्या समोर. बा म्हणाली, पोरगी ट्रामखाली जाण्यापेक्षा मराठीत गेलेली बरी. माझा निकाल तिथेच लागला.

वडील स्वतः मराठी बोलायचे, आणि भरपूर बोलायचे. गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून शिकलेले. व्याकरणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. घड्याळ, बाई, बुवा, पाऊस, पोलीस, सगळ्यांना ते एकाच मापाने मोजायचे. गुजराती शब्द मध्येच घुसायचे आणि त्यांना कोणी हटकायचं नाही. पण गप्पा अशा रंगवायचे की घड्याळ न्यायला आलेला माणूस तिथेच खांबाला टेकून उभा राहायचा. कोणी घाई केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "धीरज धरजो, बेन. घडियाळ पण माणूसच हाय. त्येला पण थकवा लागते." हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून काही बायका मुद्दाम घाई करतात, असं बा म्हणायची. वडिलांना ते खरंच वाटायचं, आणि ते अजून जोरात म्हणायचे.

आता पुस्तकाकडे येते. तेव्हा आजच्यासारखं सगळ्यांना मिळून एक पुस्तक नव्हतं. मंजूर झालेल्या पुस्तकांतून शाळा आपापलं निवडत. आमच्या शाळेने निवडलेल्या पुस्तकात माणसांच्या दोन जाती होत्या. एक 'आपण'. आपण पहिल्यापासून इथेच होतो, कुठूनही आलो नव्हतो. दुसरे 'ते'. ते सारखे येत असत. मुसलमान आले, पोर्तुगीज आले, इंग्रज आले. येण्याशिवाय आणि त्रास देण्याशिवाय त्यांना दुसरा उद्योग नव्हता. आमच्या गल्लीतला कोकणी मुसलमान शिंपी, जो चाळीतल्या सगळ्या पोरींची परकरपोलकी शिवायचा आणि मापं घेताना मराठीतच ओरडायचा, तो कधी आला आणि कुठून आला हे मला पुस्तकात सापडलं नाही. पारशी आले ते दुधात साखरेसारखे विरघळले. विरघळल्यावर त्यांचं काय झालं, पत्ता नाही. कोळ्यांना एक ओळ होती, की मुंबईत पूर्वी कोळी राहत असत. पूर्वी! वरळीहून रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या जिन्यात ओरडणाऱ्या कोळणीने ही ओळ ऐकली असती, तर लेखकाची धडगत नव्हती.

गुजराती फक्त एका धड्यात होते, सुरतेच्या. तिथे ते सावकार होते, गब्बर होते, भित्रे होते, आणि त्यांचं धन स्वराज्याच्या कामी यावं एवढ्यापुरतेच जन्माला आलेले होते. धड्याला चित्र होतं. पोट सुटलेला, पगडी घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून हात जोडतो आहे. तो धडा निघाला की वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळायची. माझं महाराजांशी काही भांडण नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. दिवाळीत चाळीच्या किल्ल्यासाठी चाळणीने माती चाळून द्यायचं काम माझ्याकडेच असे, आणि महाराजांना सिंहासनावर बसवायच्या वेळी मी सगळ्यांच्या पुढे. माझं भांडण त्या चित्रातल्या पोटाशी होतं.

घरी येऊन मी बाला विचारलं, "आपण तेव्हा सुरतेत होतो?" बा तांदूळ निवडत होती. होतो म्हणाली. मग आपल्याला लुटलं का? बाने सूप खाली ठेवलं. "आपणा घरमां लूंटवा जेवुं हतुं शुं?" आपल्या घरात लुटण्यासारखं होतं तरी काय! आमचे पूर्वज लोहार. भाता आणि ऐरण, संपलं. म्हणजे तेव्हा आम्हाला लुटायला कोणी आलं नाही, आणि आता दर वर्षी वर्गात माझी लूट.

माझा चुलतभाऊ भुलेश्वरच्या गुजराती शाळेत होता. बाने मला गुजराती अक्षरं शिकवलेली होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याचं पुस्तक उघडलं. मला वाटलं, इथे तरी शहाणपण असेल. कसलं काय! तिथे सुरतेत 'आपण' सुखाने नांदत होतो आणि मराठे 'आले'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दोन्हीकडे रीत एकच, फक्त बाब्या बदललेला. लोहार त्याही पुस्तकात नव्हते. मी पुस्तक मिटलं तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. दोन भाषा येणाऱ्या मुलीला दोन्हीकडून शिव्या कळतात, एवढाच काय तो फायदा.

त्यातच संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सभा, मोर्चे, संचारबंदी, शाळा बंद. गिरगावात गोळीबार झाला, माणसं गेली, आणि गल्लीतल्या हसणाऱ्या घरांची दारं लागली. मुंबई महाराष्ट्राची झाली पाहिजे असं मलाही मनापासून वाटायचं. माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, माझी सगळी वाचायची पुस्तकं इथली. मला मोर्च्यात जाऊन ओरडायचं असायचं. पण मोर्च्यातली काही टवाळ पोरं आमच्या बोलीची नक्कल करून यमक जुळवलेली एक घोषणा द्यायची, तिच्यात आम्हाला दांड्याने मारायचा वायदा असायचा. ती कानावर आली की बा खिडकी लावून घ्यायची आणि माझी वेणी मुठीत धरून बसायची. गॅलरीत जायचीही सोय नाही.

एकदा दंगलीच्या दिवसांत अनोळखी पोरांचं टोळकं दुकानापाशी येऊन थांबलं. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहायचे. मालवणकडचे, लोअर परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते लेंगा सावरत बाहेर आले आणि दुकानासमोर उभे राहिले. "ह्या दुकानाक कोण हात लावता तां बघतंय मी," ते म्हणाले. "घड्याळवालो आमचो आसा." टोळकं निघून गेलं. वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी हाय तो मी हाय." तुम्ही आहात तर मी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यावर दोघेही खूप वेळ हसत होते.

आमच्या इतिहासाच्या बाई दादरला राहत. पांढरं पातळ, खणखणीत आवाज. रात्री सभेला जाऊन आल्या की सकाळी तो आवाज बसलेला असे, पण शिकवायला सुरुवात केली की परत चढायचा. महिनाभर तुरुंगात राहून आल्या तेव्हा आम्ही मुलींनी त्यांना ओवाळलं होतं, आणि तबक माझ्या हातात होतं. बाई मला फार आवडायच्या आणि मी त्यांना. हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाचा राग करायला डोकं लागत नाही. त्यांचं मनगटी घड्याळ जुनं होतं, सारखं मागे पडायचं, आणि ते घेऊन त्या वडिलांच्या दुकानात यायच्या. वडील त्यांना खूप मान देत. माझ्या मुलीच्या बाई म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला बाजूला सारून आधी त्यांचं काम. तरी वाक्य त्यांनाही चुकायचं नाही. "धीरज धरजो, बेन." बाई हसायच्या. आपल्याला किती छान हसवतं हे माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी बाईंनी सुरतेच्या धड्यावरून नाट्यप्रवेश लिहिला. दिवसच तसे होते. सगळ्यांना स्फुरण चढलेलं. वर्गात पाठांतरात पहिली मी, आवाज मोठा, शब्द स्वच्छ. निवेदन माझ्याकडे येणार याची मला खात्री होती. बाईंनी भूमिका वाचून दाखवल्या. मुख्य सरदार माझी बाकावरची मैत्रीण, कारण ती उंच आणि धिप्पाड. निवेदन तिसऱ्याच मुलीकडे. आणि सुरतेचा सावकार मी.

"बाई, मी निवेदन करू का?"

"अगं, सावकार तुझ्याइतका कोणाला शोभणार? तू तर अस्सल!"

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, अगदी मायेने.

तालमी सुरू झाल्या आणि माझ्या नाकी नऊ आले. मी वाक्य म्हटलं की बाई थांबवायच्या. "तुझं मराठी फार शुद्ध होतंय गं. जरा बिघडव." मला बिघडवता येईना. मग बाई शिकवायला लागल्या. दादरच्या बाई मला, गिरगावच्या गुजराती मुलीला, गुजराती माणूस कसा बोलतो ते शिकवत होत्या! "ळ म्हणू नकोस. ल म्हण. तुमच्यात ळ नसतो ना?" मी म्हटलं, "असतो, बाई. आमच्यात घड्याळालासुद्धा घडियाळ म्हणतात." बाई म्हणाल्या, "असेल. पण लोकांना वाटतं की नसतो. लोक हसले पाहिजेत ना?" झालं. गुजराती भाषेतून एक अक्षर बाईंनी प्रेक्षकांच्या सोयीसाठी काढून टाकलं.

पलीकडे मैत्रिणीचे निराळेच हाल. तिला घरी मालवणी बोलायची सवय. रागाचं वाक्य आलं की तिच्या तोंडून "खय लपवलंस धन?" असंच निघायचं. बाई कपाळाला हात लावायच्या. "खय नाही, कुठे! महाराजांचे सरदार खय म्हणत नसत."

"कोकणातलो सरदार असलो तर?" ती विचारायची.

"पुस्तकात आहे तसं म्हण."

म्हणजे एका बाजूने तिची भाषा धुऊन काढायची आणि दुसऱ्या बाजूने माझी मळवायची, आणि दोघींनी एकाच बाकावर बसून डबा खायचा. पुस्तकातल्या 'आपण'मध्ये तुरुंगात गेलेल्या गिरणी कामगाराच्या मुलीलासुद्धा जशीच्या तशी जागा नव्हती. आम्हा दोघींना तेव्हा हे असं सांगता आलं नसतं. आम्ही फक्त वैतागलेल्या होतो.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं. मग एका तालमीत बाई म्हणाल्या, "सावकाराला एक हशा घेणारं वाक्य हवंय. हं, सापडलं. सरदार म्हणतो, तिजोरी उघड. तू हात जोड, पोट हलव आणि म्हण, 'धीरज धरजो, सरदारसाहेब! तिजोरी पण मानुसच हाय! तिला पण थकवा लागते!'" बाईंनी ते म्हणून दाखवलं. मान किंचित वाकडी, एक डोळा बारीक केलेला. भिंग लावल्यावर वडिलांचा डोळा तसाच व्हायचा. सगळ्या मुली लोटपोट हसल्या. माझी मैत्रीण हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रोज त्या दुकानावरून जायची.

तालीम संपल्यावर मी बाईंच्या मागे मागे गेले. "बाई, ते वाक्य बदला ना."

"का गं? मस्त जमलंय."

"ते माझ्या वडिलांचं आहे."

बाई थांबल्या. मग त्यांचा चेहरा फुलला. "हो की! माझ्या लक्षातच नाही आलं. बघ, डोक्यात राहून गेलं असणार. अगं, मग तर किती छान! त्यांना ऐकून केवढी मजा वाटेल!"

आता याला काय म्हणावं? बाई माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेल्या.

वडिलांनी नाटकाला येऊ नये म्हणून मी जंग जंग पछाडलं. म्हटलं, नाटक लांबतं, उकडतं, बसायला जागा मिळत नाही. वडील ऐकेनात. मुलगी स्टेजवर उभी राहणार आणि बाप दुकानात बसणार? त्यांनी काळी टोपी ब्रशने झटकली, कोट इस्त्रीला दिला. जो भेटेल त्याला सांगत होते, "आपली बेबीचा नाटक हाय. मोट्टा पार्ट हाय." बा गुडघ्यांमुळे येणार नव्हती, तर तिच्यासाठी सगळं लक्षात ठेवून येतो म्हणाले. मी रात्री पांघरुणात तोंड घालून देवाला म्हटलं, मला ताप आण. देवाने आणला नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी बाईंनी माझ्या पोटाला उशी बांधली, कोळशाने मिशी काढली, डोक्यावर लाल पगडी ठेवली. पडदा वर गेला. वडील पुढच्या रांगेत बसलेले दिसले, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर हसू, जणू लग्नाच्या मांडवात बसलेत. शेजारी मैत्रिणीचे वडील. पहिली वाक्यं साधी होती, ती गेली. मग मैत्रिणीने तलवार उपसली. "तिजोरी उघड!"

माझ्या तोंडातून ते वाक्य येईना. मी म्हटलं, "जरा धीर धरा, सरदार. उघडते आहे तिजोरी." माझ्या मराठीत. कोणालाच काही कळेना, हा सावकार असा का बोलतोय.

विंगेत बाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं, पोरगी वाक्य विसरली. त्यांनी हळूच सांगितलं. मी गप्प. त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं. मी गप्पच. मग बाईंचा तो खणखणीत, सभांमधून तयार झालेला आवाज सगळ्या सभागृहात घुमला. "धीरज धरजो, सरदारसाहेब! तिजोरी पण मानुसच हाय! तिला पण थकवा लागते!" पढवायचं म्हणून त्यांनी नुसतं सांगितलं नाही, अभिनयासकट सांगितलं.

सभागृह फुटलं. आमच्या गल्लीतले लोक तर माना मागे टाकून हसत होते, कारण त्यांना ते वाक्य कुठलं ते नेमकं माहीत होतं. कोणीतरी मागून ओरडलं, "ओ शेठ!" आणि हशाची दुसरी लाट आली. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त ते आता कोणासाठी धरून ठेवलंय हे त्यांना माहीत नसावं. मैत्रिणीचे वडील एकदाही हसले नाहीत. ते खाली बघत होते.

मैत्रिणीने तलवार म्यानात घातली. सरदाराने सावकाराचा हात धरला आणि "चल गो भायर" म्हणत त्याला ओढत विंगेत नेलं. तिजोरी बंदच राहिली. बाई दोघींवर भयंकर चिडल्या. प्रवेशाचा विचका केलात, म्हणाल्या. पण लोकांना तर आवडला होता, त्यामुळे त्यांचा राग फार वेळ टिकला नाही.

फाटकापाशी वडील माझी वाट बघत उभे होते. बाई आल्या, घामाघूम आणि खूश. "काय, कसं वाटलं नाटक?"

"बहुत अच्छा था, बहनजी," वडील म्हणाले. "बहुत मेहनत किया आपने."

घरी आल्यावर जिना चढताना वडील मध्येच थांबले आणि माझ्या गालावरची कोळशाची मिशी अंगठ्याने पुसत गुजरातीत म्हणाले, "तारुं मराठी बहु सरस छे, बेटा." तुझं मराठी फार सुंदर आहे. मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं, नाटक फसलं म्हणून रडते.

त्या दिवसापासून वडील मराठी बोलले नाहीत. रागाने नाही, कोणाला काही सांगूनही नाही. गिऱ्हाईक आलं की हिंदी. "दो दिन में मिलेगा." संपलं. गप्पा गेल्या, खांबाला टेकून उभं राहणारे लोक गेले. मैत्रिणीच्या वडिलांनी एकदा सरळ विचारलं, "काय ओ शेठ, आमच्यावांगडा हिंदी कित्याक?" आमच्याशी हिंदी कशाला? वडील म्हणाले, "आदत हो गई, भाई." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी गिरणीतून आले की दुकानाच्या पायरीवर गुपचूप बसायचे आणि बिडी संपली की उठून जायचे. मी वडिलांशी भांडले, रडले, एकदा जेवले नाही. ते म्हणायचे, "तने आवडे छे ने? बस." तुला येतं ना, पुरे झालं. मला इतका संताप यायचा की त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. बाईंना हलवावंसं वाटायचं. ते पुस्तक लिहिणारा कोण असेल त्यालाही.

मग राज्य झालं. मुंबईसकट झालं. गिरगावात तोरणं, रोषणाई, रस्त्यावर गुलाल. वडिलांनीही दुकानाला झेंडूची माळ लावली आणि पणत्या ठेवल्या. मैत्रिणीच्या वडिलांनी त्यांना पेढा भरवला. मी त्या दिवशी पोट भरून ओरडले, या खेपेला बाने वेणी धरली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई घड्याळ घ्यायला आल्या. मी दुकानात वडिलांना डबा द्यायला गेले होते. बाई अजून राज्याच्या आनंदात होत्या. माझी चौकशी केली, अभ्यासाचं विचारलं. वडील भिंग लावून घड्याळाचं झाकण बसवत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं मला नवल वाटतं गं. पूर्वी मोडकंतोडकं तरी बोलायचे. आता तेही टाकलं. इतकी वर्षं मुंबईचं पाणी प्यायले, आता तर आपलं राज्यसुद्धा झालं, आणि आपली भाषा शिकावीशी वाटू नये या लोकांना? तू आहेस म्हणून बोलते हो. तू काही त्यांच्यातली नाहीस."

बाई वडिलांपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. आवाज तोच, खणखणीत. वडिलांची मान वर झाली नाही. मी हातातला डबा काचेच्या पेटीवर ठेवला.

वडिलांनी घड्याळ पुढे केलं. "कमानी बदल दी है, बहनजी."

बाईंनी ते मनगटावर चढवून बघितलं. "माझं हिंदी म्हणजे आनंदच आहे," त्या मला म्हणाल्या. "तू सांग ना त्यांना, तुमच्या भाषेत. पट्टा सैल होतोय म्हणावं, एक भोक अजून पाडून द्या."

मी वडिलांकडे वळले आणि गुजरातीत सांगितलं, पट्टा सैल होतोय, एक भोक पाडून द्या. वडिलांनी भिंग काढलं, माझं सगळं बोलणं होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले, समजलं अशी मान हलवली, आणि मग पट्टा घ्यायला हात पुढे केला.